अकरा जणींची एकच खुर्ची

१

"पूर्व सज्जा, खुर्ची चव्वेचाळीस!" विठ्ठलरावांच्या मोबाइलवरचं तिकीट सोनू राठोडने मोठ्यांदा वाचलं आणि जागच्या जागी उडी मारली. "आबाजी, खरंच माहं तिकीट हाय का हे?"

"मंग कोनाचं? कप्तान तू हायेस," विठ्ठलराव गावंडे हसत म्हणाले. ते संघाचे कोच. सगळ्या पोरी त्यांना आबाजीच म्हणत.

बोरी अरबच्या शाळेमागच्या मैदानावर संध्याकाळचा सराव सुरू व्हायचा होता, पण बॅटला कोणी हातही लावला नव्हता. दारव्हा तालुक्याची स्पर्धा जिंकल्याचं बक्षीस म्हणून साऱ्या संघाने नागपूरला जायचं ठरवलं होतं. भारताच्या पोरी जामठ्याच्या मैदानावर खेळणार आणि बोरीच्या पोरी टाळ्या वाजवणार. सोनू दोन दिवस पुसदला मामाकडे होती, ती आत्ताच परतली होती आणि आल्यापासून जी ती तिच्या गळ्यात पडत होती.

"थांब नं," विकेटकीपर खुशीने वडिलांचा मोबाइल पुढे केला. "माही बी खुर्ची चव्वेचाळीसच हाय."

"तू काय सोनूच्या मांडीवर बसशीन का?" कोणीतरी म्हणालं आणि सगळ्या खिदळल्या.

"अवं, माही बी चव्वेचाळीस," मागून आवाज आला.

"माही बी."

हसणं हळूहळू विरलं. विठ्ठलरावांनी सगळ्यांचे मोबाइल घेतले आणि सिमेंटच्या रोलरवर ओळीने मांडले. तोच सज्जा, तीच रांग, तीच खुर्ची. अकरा तिकिटांवर एकच जागा होती.

"फसलो आपुन," ते पुटपुटले. मग मान वर करून सोनूकडे पाहत म्हणाले, "सोनू, हे कोनाकडून घेतले तू?"

"मी?" सोनू गोंधळली. "मी कुठं घेतले? मले वाटलं, तुमीच काढले."

आता सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या.

२

संघाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आदल्या दिवशी सकाळी एक आवाजी संदेश आला होता. रजत गुल्हानेने तो सगळ्यांसमोर लावला. रजतचं गावात मोबाइल दुरुस्तीचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान होतं. ग्रुप त्यानेच बनवलेला.

"मी सोनू बोलून राह्यली माहा फोन रजतभाऊकडे दुरुस्तीले हाय म्हणून हा नवा नंबर आपल्या सगळ्याईचे तिकिटं एका साहेबानं राखून ठेवले हायेत पन दुपारपर्यंतच तवा खाली लिंक देली तिथून लगेच पैसे भरा आन कोनाले फोन करत बसू नका नाहीतं जागा जातीन आन जाताना कळंबले चिंतामणीचं दर्शन घेऊन जाऊ."

सोनूचाच आवाज होता. तिचे वडील धावजी लेकीला न्यायला आले होते. त्यांनीही तो ओळखला आणि मान खाली घातली.

"मी हे बोल्लीच नाही!" सोनू ओरडली. "बापू, तुमची आन. मी तं पुसदले होती, फोनच नव्हता माह्यापाशी."

"हा नंबर ग्रुपात मीच घेतला," विठ्ठलराव म्हणाले. "काहून घेतला? तू सोता मले फोन केला म्हणून. 'आबाजी, हा माहा नवा नंबर, ग्रुपात टाका.' या कानानं ऐकलं मी. आता खोटं कायले बोलतं, पोरी?"

परवा यवतमाळला जिल्हा संघाची निवड चाचणी होती. बोरीतून एकट्या सोनूचं नाव गेलं होतं आणि कोचने सोबत जायचं होतं. विठ्ठलरावांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे निपटल्याशिवाय मी हिले घेऊन जात नाही."

"मी बी धाडत नाही," धावजी म्हणाले. पोरीकडे न बघता ते चालायला लागले.

तेवढ्यात रोलरच्या मागून खणखणीत आवाज आला. "सामना संपला नाही अजून! कोनीच मैदान सोडू नका!"

हा आवाज पंचक्रोशीत सगळ्यांना ठाऊक होता. चंदाबाई राठोड. टेनिस बॉलच्या स्पर्धा कुठेही असोत, पुसदपासून कळंबपर्यंत माइक चंदाबाईंच्याच हातात. 'आन हा गेला बॉल थेट तुरीच्या वावरात, शोधणाऱ्याले चहा आपल्याकडून!' असं त्या म्हणाल्या की म्हातारे बांधावरून टाळ्या वाजवत. वय पन्नाशीकडे झुकलेलं, डोक्यावर उन्हाची टोपी, आणि पोरींची मावशी.

"पह्यले काम, मंग भांडण," त्या म्हणाल्या. "ज्यानं ज्यानं पैसे भरले त्यानं आत्ता, इथंच एक नऊ तीन शून्यवर फोन लावा. सायबर पोलिसाईची मदत हाय ते. जितका लवकर फोन, तितकी पैसे रोखता यायची आशा. लाज नंतर वाटून घ्या. लावा!"

सगळे फोनला लागल्यावर त्यांनी रजतकडून तो संदेश पुन्हा ऐकला. डोळे मिटून आणखी एकदा ऐकला.

"काय झालं, मावशी?" सोनूने रडवेल्या आवाजात विचारलं.

"यात काहीतरी कमी हाय," चंदाबाई म्हणाल्या. "काय, ते ध्यानात येऊन नाही राह्यलं. विठ्ठलभाऊ, मले उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या. तोपर्यंत पोरीवर बोट ठेवू नका."

३

सकाळी चंदाबाईंनी आधी तांड्यावर बादलला गाठलं. बादल सोनूचा चुलतभाऊ. तिचे रील बनवायचा. महिन्याभरापूर्वी सोनूने त्याचं काम बंद करून टाकलं होतं, कारण तो तिला न विचारता काहीही टाकायचा.

"तिचा आवाज माह्यापाशी हाय, खोटं कायले बोलू?" बादल फणकाऱ्याने म्हणाला. "पन साऱ्या दुनियेपाशी हाय, मावशी. सत्कारातलं तिचं भाषण मी रीलवर टाकलंतं. हजारो लोकाईनं पाह्यलं."

"आन कळंबले जायचं तुले कोनी सांगितलं?"

"कळंबले?" बादलचा चेहरा कोरा होता. "नागपूरले चालले होते नं हे?"

चंदाबाई तिथून रजतच्या दुकानावर गेल्या. शटर खाली होतं, आत मात्र खुडबुड ऐकू येत होती. त्यांनी शटरवर थाप मारली. आतला आवाज बंद झाला.

"रजत, मी चंदाबाई. उघड, नाहीतं इथंच कॉमेंट्री सुरू करीन!"

शटर अर्धं वर गेलं. रजतचे डोळे तांबरलेले होते. "सकाळपासून लोक शिव्या देऊन राह्यले, मावशी. म्हणते, तूच लिंक उघडून देली, तूच चोर. ज्या पोरीईच्या घरी ऑनलाइन भरता येत नाही त्याईचे मीच माह्या खात्यातून भरले. गेले ते बी."

"सोनूचा फोन तुह्यापाशीच होता."

"अजून हाय. हा पाहा, स्क्रीनच नाही त्याले." त्याने काउंटरवर उघडा पडलेला फोन दाखवला. "पन तिचा फोन दुरुस्तीले हाय आन ती पुसदले गेली, हे गावात बऱ्याच जणाईले माहीत होतं."

"आन कळंबचं दर्शन?"

"थे तं आबाजीच्या घरी ठरलंतं. मी, सोनू आन आबाजी, तिघंच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच आबाजीनं रद्द केलं. म्हणे, मैदानाचं दार लवकर उघडते, सरळच जाऊ. तवा ग्रुपवर टाकायचं राहूनच गेलं."

चंदाबाईंनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "म्हणजे कळंबचं तिघांशिवाय कोनालेच माहीत नव्हतं?"

"कोनालेच नाही."

४

त्या धावजींच्या घरी पोचल्या तेव्हा सोनू ओसरीवर बसली होती. क्रिकेटचे बूट तिने धुऊन भिंतीला उभे केले होते. आई सुखीबाई तिच्यापुढे ताट ठेवून कंटाळली होती.

"ऊठ, सोनू. थे सगळं जसंच्या तसं बोलून दाखव मले. एका दमात."

रजतने संदेशातले शब्द चंदाबाईंच्या मोबाइलवर लिहून पाठवले होते. सोनू वाचायला लागली. "मी सोनू बोलून राह्यली माहा फोन रजतभाऊकडे दुरुस्तीले हाय म्हणून हा नवा नंबर आपल्या सगळ्याईचे तिकिटं एका साहेबानं..." ती थांबली, श्वास घेतला आणि पुढे गेली. लिंकपाशी पुन्हा थांबली. शेवटाला तर तिचा आवाज पार बसला.

चंदाबाईंनी टाळीच वाजवली. "हेच! हेच कमी होतं! सुखीबाई, मी दिवसभर माइकवर बोलते. आपला श्वास कुठं तुटते, हे मले झोपेत बी समजते. त्या संदेशात श्वासच नाही! सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदा बी नाही. मानूस असं बोलूच शकत नाही."

"मंग बोल्लं कोन?" सुखीबाई घाबरून म्हणाल्या.

"मशीन. हल्ली रीलवरचा आवाज घेऊन मशीनकडून पाह्यजे ते वदवून घेता येते. आबाजीले फोन बी तसाच आला असन. आवाज सोनूचा, बोलणारा भलताच."

सोनूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उभी राहिली. "आन मावशी, कळंबचं रद्द झालंतं हे मले माहीत होतं. मी असती तं तसं बोल्ली असती का?"

"शाबास! म्हणून बादल बी सुटला, त्याले कळंबचं माहीतच नव्हतं. उरला प्रश्न एकच. कळंबची गोष्ट एकच संध्याकाळ जिवंत होती. त्या संध्याकाळी ती भाईर कोनी नेली?"

"आबाजी नाहीतं रजतभाऊ," सोनू हळूच म्हणाली. मग स्वतःच्याच बोलण्याने दचकली.

"कोन, ते आपल्याले चोरच सांगतीन," चंदाबाई म्हणाल्या. "जो एकदा फसला त्याले हे लोक सोडत नाहीत. दुसऱ्या खेपेले 'तुमचे पैसे परत देतो' म्हणून फोन करतात. आजच करतीन. मी त्याईच्यासाठी गाडी तयार ठेवते."

५

रजतला त्यांनी दुकानात जाऊन सांगितलं, "पोरी जातीनच नागपूरले. कोनाले सांगू नको, पन दारव्ह्याहून एसटीनं जायचं ठरलं."

मग त्या विठ्ठलरावांकडे गेल्या. अंगणात खाट टाकून ते एकटेच बसले होते, हातात मोबाइल होता. "भाऊ, पोरीईचं मन मोडू नका. पुसदच्या पूनमसिंगची क्रूझर ठरवली मी. अजून कोनाले बोलू नका."

विठ्ठलरावांचा चेहरा उजळला. "लय बेस केलं, चंदाबाई. पोरी लय हिरमुसल्या होत्या."

खरं तर एसटी ठरली नव्हती आणि क्रूझरही नव्हती. पूनमसिंगकडे तर बैलगाडीसुद्धा नव्हती.

दुपार टळली तरी काहीच घडेना. सुखीबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या, सोनू ओसरीवर येरझारा घालत होती. धावजी दाराशी बसून तांब्यातलं पाणी पीत होते, पण सोनूकडे बघत नव्हते. आणि मग सुखीबाईंचा फोन वाजला. अनोळखी नंबर होता.

चंदाबाईंनी स्पीकर लावायची खूण केली.

"नमस्कार ताई, तिकीट कक्षातून बोलतोय," एक गोड पुरुषी आवाज म्हणाला. "तुमच्या मुलीच्या संघासोबत झालं ते फार वाईट झालं. आम्ही सगळे पैसे परत देणार आहोत. मी एक अ‍ॅप पाठवतो, ते मोबाइलमध्ये घ्या. मग तुमची स्क्रीन मला दिसेल आणि मी इथूनच पैसे टाकतो."

धावजी पुढे सरकले. पैसे परत! चंदाबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना थांबवलं आणि सुखीबाईंच्या कानात कुजबुजल्या.

"पन साहेब," सुखीबाई म्हणाल्या, "तुमी खरे कशावरून?"

"अहो ताई, आम्हाला सगळं ठाऊक आहे. तुमच्या पोरी आता पुसदच्या पूनमसिंगच्या क्रूझरने येणार ना? त्या ड्रायव्हरलाही आम्ही पार्किंगचा पास देतोय."

सोनूने तोंडावर हात दाबला. सुखीबाईंनी बोट टेकवून फोन बंद केला.

क्रूझरचं नाव चंदाबाईंनी एकाच माणसापाशी घेतलं होतं.

६

"माह्यावर संशय?" विठ्ठलराव खाटेवरून उठलेच. "चंदाबाई, या पोरीईसाठी मी जीव टाकला असता!"

"संशय नाही, भाऊ. एक विचारते फक्त. क्रूझरचं तुमी कोनाले बोलले?"

"कोनालेच नाही. तुमी गेल्यावर मी..." ते अडखळले. "पाटील साहेबाले तेवढं..."

"कोन पाटील साहेब?"

विठ्ठलराव खाली बसले. नागपूरच्या क्रिकेटच्या चाहत्यांचा एक ग्रुप होता म्हणे. कोणीतरी त्यांना त्यात घेतलं होतं आणि तिथे हे पाटील साहेब भेटले. रोज संध्याकाळी मेसेज यायचा, कधी फोन. स्वतःला जुने खेळाडू म्हणवायचे.

"माह्या तरुणपणीच्या सामन्याच्या गोष्टी आता गावात कोन ऐकते, चंदाबाई? थो ऐके. विचारे, 'विठ्ठलराव, तुमचा आउटस्विंग कसा पडत होता?' मंग मी बी सांगत जाओ. पोरीईचं सांगो, सोनूचं सांगो. तिचं रील बी मीच धाडलं त्याले. कौतुकानं." त्यांनी मोबाइल चंदाबाईंच्या हातात दिला. "कळंबचं बी त्याच संध्याकाळी बोल्लो. फोन दुरुस्तीले गेला, थे बी. सोनूच्या घरचा नंबर बी देला. तिकिटाचं म्हणे, 'तुमी काळजी करू नका, मी पाहतो.'"

"भेटले का कधी?"

"नाही." मग फार हळू आवाजात ते म्हणाले, "बाप्पा. मी चोराले घरचं सगळं सांगितलं आन पोरीले चोर म्हनलं."

"रडायले नंतर वेळ हाय," चंदाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता थेट शेवटच्या षटकातला झाला होता. "पाटलाले अजून माहीत नाही की आपल्याले समजलं. त्याले लिहा, दारव्ह्याच्या पोरीईले बी तिकिटं पाह्यजेत, पैसे कुठं भरायचे? घाई हाय म्हणा. तो आपल्याले घाई करते, आज आपुन त्याले करू."

तोवर त्यांनी यवतमाळच्या सायबर शाखेतल्या बाईंना फोन लावून ठेवला होता. कालच्या तक्रारी त्यांच्यापर्यंत पोचल्याच होत्या. विठ्ठलरावांनी मेसेज टाइप केला. दोन निळ्या खुणा उमटल्या.

'वाहवा विठ्ठलराव! किती जणी?'

"लय जणी म्हणा!"

उत्तर आलं. पैसे भरायचं नवं खातं, त्याचा कोड, सगळं. चंदाबाईंनी ते पोलिसबाईंना वाचून दाखवलं. फोनवर कीबोर्डची खडखड ऐकू येत होती. मग बाई म्हणाल्या, "पहिल्या खात्यातले बरेचसे पैसे कालच थांबले, तुमच्या लोकांनी लगेच फोन केले म्हणून. बाकीचे आत्ता याच खात्यात येऊन बसलेत. आम्ही तेही थांबवतोय. त्यांना बोलत ठेवा!"

मग विठ्ठलराव पाटलाला आपल्या आउटस्विंगबद्दल लिहीत बसले. आयुष्यात एवढी लांबण त्यांनी कधी लावली नसेल. शेवटी पोलिसबाईंचा आवाज आला, "झालं. खातं बंद."

चंदाबाईंनी टोपी हवेत भिरकावली.

७

चाचणीच्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, विठ्ठलरावांनी सगळ्या संघाला आणि आईवडिलांना मैदानावर बोलावलं. चंदाबाईंनी तांड्यातल्या लोकांनाही आणलं. माइक कोणाला द्यायचा हे आधी ठरलं नव्हतं. विठ्ठलरावांनी तो स्वतः मागून घेतला.

"मी फसलो," ते म्हणाले. स्पीकर कुंई करून वाजला, पण ते थांबले नाहीत. "एक मानूस रोज माह्याशी गोड बोल्ला आन मी त्याले आपल्या पोरीईची सगळी माहिती देली. सोनूचा आवाज त्यानं मशीनमधून काढला. सोनूनं काहीच केलं नाही. मी तिले सगळ्यासमोर बोल्लो, म्हणून सगळ्यासमोर माफी मागतो. आन एक सांगतो. ओळखीचा आवाज आला तरी पैसे भरायच्या आधी त्या मानसाले दुसऱ्या रस्त्यानं विचारा. त्याच्या घरी जा. जुना नंबर लावा. 'कोनाले फोन करू नका' असं जो म्हणन, त्याच गोष्टीसाठी पह्यले फोन करा."

मग खुशीचे वडील सावकाश उठले. "आबाजी, तुमचा पाटील साहेब... माह्यापाशी बी हाय. नाव जोशी सांगते. सामन्याचे पास देतो म्हणे."

मागच्या रांगेतून एक म्हातारी आजी म्हणाली, "माह्या नातवाले बी एक बाई लिहिते. म्हणते, खेळाडूची टोपी जिंकली तू, आधार कार्ड धाड."

एकामागून एक हात वर व्हायला लागले. रजतने पहिल्यांदा डोकं वर केलं आणि तो प्रत्येकाच्या मोबाइलवरचा नंबर चंदाबाईंना सांगायला लागला. चंदाबाई ते थेट पोलिसबाईंना कळवत होत्या. खुशीचे वडील दुसऱ्या दिवशी पासांसाठी पैसे टाकणार होते, ते आता खाली बसून कपाळावरचा घाम पुसत होते.

या गर्दीत धावजींनी मोटारसायकल सुरू केली. ते सोनूजवळ येऊन थांबले.

"बापू, काय?"

"माहं बी चुकलं," ते म्हणाले. "तुहा आवाज ओळखला मी, पन तुले नाही ओळखलं. बस. उशीर होऊन राह्यला."

त्यांच्यामागे रजतच्या गाडीवर विठ्ठलराव बसले, आणि त्यांच्यामागे स्वतःच्या स्कूटीवर चंदाबाई.

यवतमाळच्या मैदानावर निवड समितीच्या बाईंनी सोनूच्या हातात नवा चेंडू दिला. समोरची फलंदाज जिल्ह्यातली सगळ्यात मोठी फटकेबाज होती. सोनूचा पहिला चेंडू तिने सीमेपार धाडला. दुसराही. विठ्ठलराव कुंपणाला धरून उभे होते. त्यांनी फक्त मनगट आत वळवून दाखवलं.

सोनूने पाहिलं. ती मागे गेली, धावत आली, चेंडू सोडला. तो बाहेर जातोय असं वाटून फलंदाजाने बॅट वर उचलली, आणि तो आत वळला. मधली यष्टी जमिनीतून उपटून मागे दूर जाऊन पडली.

"पुन्हा टाक," समितीच्या बाई म्हणाल्या. "तोच चेंडू."

कुंपणाबाहेरून माइक नसतानाही चंदाबाईंची कॉमेंट्री साऱ्या मैदानावर ऐकू येत होती. शिपायाने दोनदा त्यांना गप्प बसायला सांगितलं. सोनूने तोच चेंडू पुन्हा टाकला, आणि यष्टी पुन्हा उडाली.